आवाज बसला

आमच्या सरांना ऑफिसात सगळे 'शंभर टक्के' म्हणतात. हे त्यांना माहीत आहे आणि आवडतंही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मशीनमधली कॉफी गरम आहे का विचारलं तरी ते 'शंभर टक्के' म्हणतात. एकदा अंगात ताप होता म्हणून मी रजा मागितली, तर म्हणाले, "घ्या की मॅडम, शंभर टक्के घ्या," आणि दुपारी फोन करून विचारलं, कुठे आहात म्हणून.

आमचं काम सांगायला सोपं आहे. लोकांकडे मशीन असतात, मशीनमध्ये सॉफ्टवेअर असतं, आणि सॉफ्टवेअर हे दुधासारखं, नुसतं ठेवलं तरी नासतं. पूर्वी ते बदलायला माणूस जायचा. बेल वाजवायचा, प्यायला पाणी मागायचा, मशीनसमोर बसून डोकं खाजवायचा, आणि निघताना "आता बघा बरं चालतंय का" असं विचारायचा. हे शेवटचं वाक्य तेवढं आमच्या कंपनीने काढून टाकलं. आता आम्ही इथे बटण दाबतो आणि तिकडे शेकडो घरांत सॉफ्टवेअर आपोआप बदलतं. सिस्टिम कुठलीही असो, नवी, जुनी, अगदीच जुनी, आमचं अपग्रेड चालतं असं माहितीपत्रकात छापलंय. चालतं हे खरंच आहे. चालत चालत कुठे जातं, ते छापलेलं नाही.

मी चाचणी विभागात आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची. माझ्या सासूबाई म्हणतात, "तुला ही नोकरी लागली यात नवल काय? ट्रेनिंग घरातच झालं होतं."

तर झालं काय, की ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक मशीनचा एक छोटा चौकोन असतो. काम झालं की तो हिरवा होतो आणि त्यात तसं लिहून येतं. आधी तिथे 'यशस्वीरीत्या स्थापित' असं होतं, पण एवढं लांबलचक त्या चौकोनात मावेना. 'यशस्वीरी' इथेच तुटायचं. शंभर टक्के वैतागले. म्हणाले, "मराठीत साधा शब्द नाही का हो? आपण सॉफ्टवेअर बसवतो ना? मग बसलं की बसलं!" तेव्हापासून पडद्यावर 'बसले' येतं. मी म्हटलं, "सर, धंदा पण बसतो." ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता." विषय संपला.

यंदा एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. घशाचं ऑपरेशन होऊन ज्यांचा आवाज कायमचा गेला, अशा माणसांना बोलकी मशीन देणारी एक संस्था. शाळेच्या डब्याएवढं मशीन, वर बटणं. बटण दाबलं की मशीन तुमच्या वतीने बोलतं. ऑपरेशनच्या आधी ज्यांना जमेल त्यांनी आपली रोजची वाक्यं आपल्याच आवाजात भरून ठेवायची, म्हणजे नंतरही माणूस आपल्याच आवाजात चहा मागू शकतो. आता एवढ्या मशीनचं अपग्रेड घरोघर जाऊन कोण करणार? आम्ही.

आणि त्यातलं एक मशीन माझ्या घरात होतं. अप्पांचं. अप्पा म्हणजे माझे सासरे.

अप्पांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शेजारच्या सीटवर बसून ओरडणं हा त्यांचा व्यवसाय होता आणि घरी आल्यावर छंद. मलाही त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी मी रडत घरी आले, दुसऱ्या दिवशी रडत गेले. "आरसा बघ, आरसा! तोंड बघायला नाही लावलेला तो!" हे मला अजून झोपेत ऐकू येतं. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि सांगितलं की काय बोलायचं ते त्याआधी बोलून घ्या. दुसऱ्या कोणी या वेळी चार गोड शब्द भरून ठेवले असते. अप्पांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि आठवडाभर आम्हा सगळ्यांना शिव्या भरून ठेवल्या. "दार कोण लावणार, तुझा बाप?" "चहा आहे की औषध?" "क्लच सोड, क्लच!" आता घरात क्लच कशाला लागतो, विचारायची सोय नव्हती. त्या सगळ्याचं फोल्डर त्यांनी स्वतः केलं आणि त्याला नाव दिलं, 'म्हाताऱ्याची बडबड'.

संस्थेने मध्यंतरी नवीन, काचेच्या पडद्याचं मशीन देऊ केलं होतं. अप्पांनी परत पाठवलं. जुन्याची बटणं दाबली की टक वाजायची, ती त्यांना हवी होती. त्यामुळे त्यांच्याकडे ती अगदीच जुनी सिस्टिम राहिली. बॅटरी कधीच मेली होती, मशीन भिंतीतल्या प्लगवर चालायचं.

यात एक वाक्य सासूबाईंसाठी होतं. त्यांना मी आई म्हणते. आईंना काचबिंदूमुळे जवळजवळ दिसत नाही, नुसत्या सावल्या दिसतात. अप्पांच्या ऑपरेशनच्या आधी एकदा त्या आंघोळीला गेल्या असताना पाय घसरून पडल्या, तेव्हापासून भीती बसली. त्या आत कडी लावतात आणि अप्पा बाहेर पॅसेजमध्ये एक्स्टेंशन ओढून मशीन घेऊन बसतात. आतून थोड्या थोड्या वेळाने हाक येते, "अहो!" आणि अप्पा टक करून बटण दाबतात. "इथंच आहे, मरायला कुठे जातोय?" हे रोज. आंघोळ होईपर्यंत. आवाज होता तेव्हाही ते हेच ओरडून सांगायचे आणि मला वाटायचं, काय हा माणूस, बायकोशी तरी नीट बोलावं. पण आईंना तेवढं ऐकलं की बरं वाटायचं, पाण्याचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

तर त्या सकाळी संस्थेचे पाहुणे ऑफिसात आले होते. त्यांच्यासमोर सगळी मशीन अपग्रेड करून दाखवायची होती. काचेच्या खोलीत बिस्किटं मांडलेली, मोठा पडदा लावलेला, शंभर टक्के नव्या शर्टात. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक तयार आवाजही होता, ज्यांनी स्वतःचा भरला नाही त्यांच्यासाठी. बातम्या देणाऱ्या माणसासारखा, भारदस्त. शिवाय त्यात 'सौजन्य' नावाची एक सोय होती, म्हणजे बटणावर लिहिलेलं तुमचं वाक्य कसंही असलं तरी तो आवाज ते सभ्य करून बोलणार. ही कल्पना शंभर टक्क्यांची. स्वतःचा आवाज असेल तर तो तसाच राहील, हात लावणार नाही, असं करारात होतं. बटण दाबलं. चौकोन एकामागून एक हिरवे व्हायला लागले. पाहुणे बिस्किटं खात "वा" म्हणत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. फोनच्या पडद्यावर 'अप्पा'. अप्पा फोन लावून तो मशीनच्या तोंडाशी धरतात, अशी त्यांची पद्धत. मी नेहमीसारखं ऐकायची तयारी ठेवून फोन कानाला लावला.

"नमस्कार," पलीकडचा माणूस म्हणाला. "आपण कशा आहात? कृपया आपण लक्ष द्यावे."

मी म्हटलं, "कोण बोलतंय? अप्पांचा फोन तुमच्याकडे कसा?"

"कृपया आपण लक्ष द्यावे. कृपया आपण लक्ष द्यावे." आणि मागून टक टक टक बटणांचा आवाज.

'कृपया लक्ष द्यावे' म्हणजे 'कान फुटले का?' हे बटण, हे माझ्या लक्षात आलं. अप्पा तिकडे जीव तोडून शिव्या देत होते आणि मशीन माझी विचारपूस करत होतं. इतकी वर्षं मनातल्या मनात म्हणत आले होते की हा माणूस एकदा तरी माझ्याशी सभ्यपणे बोलू दे. बोलला बाई, एकदाचा बोलला.

"अप्पा, थांबा, फोन ठेवू नका," म्हणत मी माझ्या कॉम्प्युटरवर त्यांचा चौकोन उघडला. हिरवागार. आत तपशील. सॉफ्टवेअर: बसले. बटणे: बसली. आणि खाली, आवाज: बसला.

याला म्हणतात मराठी. एवढी अचूक नोंद आमच्या कंपनीने आजवर केली नव्हती.

शेजारी दाढीवाला बसतो. हे अपग्रेड त्याने लिहिलंय. त्याला खुर्चीसकट ओढून आणलं. त्याने पडद्यावर बोट फिरवलं, दाढी खाजवली आणि म्हणाला, "अरेच्चा. ऱ."

"काय ऱ?"

"तुझ्या सासऱ्यांच्या फोल्डरच्या नावात आहे तो. म्हाताऱ्याची. हा ऱ नव्या सिस्टिममध्ये एक अख्खं अक्षर असतं. ही जुनी सिस्टिम त्याचे दोन तुकडे करून ठेवते, र वेगळा आणि खालचं टिंब वेगळं. आपल्याला दोन्ही सारखंच दिसतं. पण आपला प्रोग्राम अख्खा ऱ शोधत गेला आणि त्याला तुकडे सापडले. त्याला वाटलं, हे कोणीतरी परकं फोल्डर आहे."

"मग?"

"परकं असलं की तो साफ करतो." वर जरा अभिमानाने म्हणाला, "नीट साफ करतो."

"आणि साफ करायच्या आधी कॉपी काढतो ना? काढतोच ना?"

"कॉपी काढायलाही तोच जातो, तोच अख्खा ऱ शोधत," दाढीवाला म्हणाला आणि मग मात्र त्याचा चेहरा उतरला.

आमच्या चाचणीतल्या फोल्डरांची नावं 'आवाज एक', 'आवाज दोन' अशी होती. त्यात ऱ कुठून येणार? तिन्ही सिस्टिमवर सगळं सुरळीत. आणि घरी वेगळी कॉपी होती का, तर ती माझा नवरा काढणार होता, रविवारी. त्याचा रविवार अजून उगवायचा होता, आणि तो स्वतः कामासाठी परगावी होता. अप्पांनी स्वतःला म्हातारा म्हणायच्या ऐवजी आजोबा म्हटलं असतं तरी वाचले असते. पण त्यांना स्वतःबद्दलसुद्धा बरं बोलायची सवय नाही.

"एक आहे," दाढीवाला म्हणाला. "पुसलं म्हणजे लगेच जात नाही. जागा रिकामी अशी नुसती पाटी लागते. जुनं सामान आतच असतं, दुसरं कोणी तिथे येईपर्यंत. पण हा हिरवा पहिल्याच टप्प्याचा, आता पुढच्या टप्प्यात नव्या आवाजाचा उरलेला मोठा संच उतरणार आहे. तो उतरला की तीच जागा घेईल. मग मात्र देवसुद्धा काढू शकत नाही. आत्ताच्या आत्ता ते मशीन थांबवलं तर माझा एक मित्र आहे, तो असलं काढून देतो. पण थांबवायचं बटण सरांकडे."

मी काचेच्या खोलीत शिरले. पाहुण्यांकडे बघून हसले आणि शंभर टक्क्यांच्या कानाशी लागले. "सर, एक मशीन थांबवायचंय. आत्ता. माझ्या सासऱ्यांचा आवाज पुसला जातोय."

ते पाहुण्यांकडे बघून हसत हसत ओठ न हलवता म्हणाले, "मॅडम, एक थांबवलं की लाल येतं."

"येऊ दे ना!"

"शेवटचेच राहिलेत. नंतर आपण सगळं बघू. शंभर टक्के बघू." मग मोठ्याने म्हणाले, "आमच्या मॅडमच्या घरीसुद्धा आपलं मशीन आहे बरं का! सासरेबुवा वापरतात. काय मॅडम, अपग्रेड कसं झालं?"

पाहुणे माझ्याकडे वळले. एक बाई तोंडातलं बिस्किट संपवत म्हणाल्या, "आवाज कसा वाटतो आता त्यांचा?"

मी म्हटलं, "बसला."

"छान, छान," त्या म्हणाल्या, आणि शंभर टक्क्यांनी टाळी वाजवली. मला त्या क्षणी तो अख्खा पडदा उचलून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. निदान लाल तरी आलं असतं.

बाहेर येऊन फोन कानाला लावला. "अप्पा, ऐका. तुमचा आवाज मशीनमध्येच आहे, पण आता त्याच्यावर दुसरं काहीतरी भरलं जाणार आहे. मशीनचा प्लग काढा."

"आपली सूचना समजली नाही," तो भारदस्त माणूस म्हणाला.

"समजली आहे तुम्हाला! प्लग काढा. बोलायचं असेल तर नखाने फोनवर वाजवा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही."

टक टक.

"अप्पा, हट्ट करू नका हो, पाया पडते तुमच्या. आयुष्यात एकदा माझं ऐका. मी येते घरी, मशीन घेऊन जाते, सगळं परत काढून आणते. तोवर तुम्हाला बोलता येणार नाही, माहीत आहे मला. पण आत्ता नाही काढलात तर ती बडबड कायमची गेली. सगळी. क्लच, चहा, आरसा, सगळं."

फोनमध्ये श्वास वाजला. त्यांचा श्वास आता गळ्यातल्या भोकातून येतो, शिट्टीसारखा. मग प्लग ओढल्याचा खट्ट आवाज आला. आणि मग एकदा, टक.

"मी येईपर्यंत काहीही झालं तरी लावायचा नाही. काहीही. कबूल?"

टक.

पडद्यावर एक चौकोन लाल झाला. काचेपलीकडे शंभर टक्क्यांचा चेहरा पडला. पाहुण्यांपैकी कोणीतरी बोट दाखवून काही विचारलं, आणि दार लोटून मी निघाले तेव्हा सर सांगत होते, "काही काळजी नको. मशीन बंद पडलं तरी आमचं अपग्रेड हार मानत नाही. वीज परत आली की आपोआप उठतं आणि आधी राहिलेलं काम पुरं करतं, मग दुसरं."

ते अगदी खरं होतं. ही सोय मीच तपासली होती. ती तिन्ही सिस्टिमवर चालते.

टॅक्सीत बसले. ड्रायव्हरला म्हटलं, लवकर चला. तो म्हणाला, लवकरच चाललोय. सिग्नलला गाडी थांबली की मी मांडीवर मुठी आपटत होते. मला सारखं वाटत होतं, अप्पा एकटे बसले असतील, ते बंद मशीन मांडीवर घेऊन. माझ्या एका सांगण्यावर गप्प बसले. ज्या माणसाने इतकी वर्षं कोणाला पुरतं बोलू दिलं नाही तो माझ्यासाठी, म्हणजे स्वतःसाठीच, पण माझ्या शब्दावर, गप्प बसला. मला त्यांच्याबद्दल फार उमाळा आला. हे मी त्यांच्या तोंडावर कधीच सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तर त्यांनी बटण दाबून 'डोकं ठिकाणावर आहे का?' म्हटलं असतं. आता तेच वाक्य वाचवायला मी जिवाच्या आकांताने चालले होते.

घर जवळ आलं आणि फोनवर मेसेज आला. शंभर टक्के. 'मॅडम!! लाल गेला!! तुमचंच मशीन होतं ते. बसलं!!! १००%.' पुढे फुलांचे गुच्छ.

मी तो मेसेज परत परत वाचला. लाल गेला म्हणजे प्लग लागला. प्लग लागला म्हणजे मशीन उठलं, आणि उठल्या उठल्या त्याने राहिलेलं काम पुरं केलं. अप्पांनी प्लग लावला. वाट बघवली नाही त्यांना. म्हटलं, हट्टी, आडमुठा म्हातारा! एवढं विनवलं, एवढं समजावलं, टक करून कबूल म्हणाला आणि केलं आपलंच खरं! मी टॅक्सीचं दार आपटलं, जिने चढताना मनात त्यांना काय काय बोलायचं ते जमवत गेले. त्यांच्याकडूनच शिकलेली वाक्यं होती सगळी.

दार उघडंच होतं. आत पॅसेजमध्ये अप्पा जमिनीवर बसले होते, न्हाणीघराच्या दाराला टेकून. हॉलमधून एक्स्टेंशनची वायर ओढून आणलेली, तिच्या टोकाला मशीन. त्यांचा शर्ट घामाने भिजला होता आणि उजव्या हाताची बोटं दार ठोकून लाल झाली होती. मला बघून त्यांनी बोटाने न्हाणीघराचं दार दाखवलं.

आतून आईंचा आवाज आला, बारीक, घाबरलेला. "कोण आहे? सूनबाई, तू आलीस का?"

"मी आले, आई. काय झालं?"

"अगं, बाहेर कोणीतरी माणूस आहे! मी आंघोळीला आले, ह्यांना हाका मारतेय, हे ओ देईनात. परत परत हाका मारल्या. मला वाटलं ह्यांना काहीतरी झालं. घाईने कडी काढायला उठले तर पाय सरकला, नळ धरला म्हणून वाचले. तेवढ्यात दारावर धाडधाड ठोकायला लागलं कोणीतरी. मी विचारते कोण आहे, तर बोलत नाही, नुसतं ठोकतंय. मी ओरडायला लागले. मग थोड्या वेळाने तो बोलला. 'मी येथे उपस्थित आहे, आपण निश्चिंत असावे' म्हणतो. सभ्य वाटतो गं बोलण्यावरून, पण मी कशाला कडी काढू? हे कुठे गेलेत? ह्यांना काय केलंय त्याने?"

मी अप्पांकडे बघितलं. जिन्यात जमवलेलं एकही वाक्य उरलं नाही. आत बायको ओल्या फरशीवर घाबरून ओरडतेय आणि हा माणूस इकडे मुका. ठोकून बघितलं, ती जास्तच घाबरली. मग त्यांनी प्लग लावला. लावला की काय जाणार, हे त्यांना मी नीट समजावून सांगितलेलं होतं. सगळं कळून लावला. मशीन उठायची वाट बघितली आणि 'इथंच आहे' चं बटण दाबलं. मी खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

"आई, ते अप्पाच आहेत," मी म्हटलं. "मशीनमध्ये बिघाड झालाय. अप्पाच बसलेत बाहेर, मघापासून. कडी काढा."

"ह्यांचा आवाज मला कळत नाही होय?"

"माझ्यावर विश्वास आहे ना? काढा कडी. मी उभी आहे इथे."

थोड्या वेळाने कडी सरकली. आई बाहेर आल्या. कपडे कसेबसे चढवलेले, केस गळताहेत, ओठ थंडीने निळे. अप्पा भिंतीचा आधार घेत उठले आणि त्यांनी आईंचा हात धरला. आईंनी दुसऱ्या हाताने तो हात चाचपला, मनगट, अंगठा, अंगठ्याजवळचा तो गिअरच्या दांड्याने पडलेला घट्टा. आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"इथेच होतात होय?" आई म्हणाल्या. "मग ओ का नाही दिलीत? केवढी घाबरले मी. रागावलात का माझ्यावर?"

अप्पांनी जोरजोरात मान हलवली. ती आईंना दिसली नाही.

"अहो, बोला ना. रागावलात का?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग आईंचा हात न सोडता खाली वाकले आणि डाव्या हाताने बटण दाबलं.

"नाही," तो भारदस्त, सभ्य माणूस म्हणाला. "मी आपल्यावर रागावलेलो नाही."

आईंनी हात सोडवून घेतला, आणि खांद्यावरचा टॉवेल गळ्यापर्यंत घट्ट ओढून घेतला.